देवराईतली पहिली फेरी: हळू चालायला शिकणाऱ्यांसाठी

चार तासांत दीड किलोमीटर. आहुप्याच्या देवराईतली आमची फेरी साधारण एवढीच असते. हे आधी सांगून ठेवलं नाही, तर ट्रेकची सवय असलेली मंडळी अर्ध्या वाटेत विचारतात, "ताई, मेन पॉइंट कधी येणार?" मेन पॉइंट नाही. कडा आहे, तिथून खाली कोकण दिसतं, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, सिद्धगड दिसतो. पण कड्यावर आपण सगळ्यात शेवटी जातो, आणि ढग असतील तर तिथून पांढऱ्या भिंतीखेरीज काहीच दिसत नाही.

आहुपे हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं गाव, भीमाशंकर अभयारण्याच्या अंगाला, ऐन घाटमाथ्यावर. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण अशी वाट. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. गावाला लागून देवराई आहे, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं, कुऱ्हाड न लागलेलं रान. मी काही वर्षं तिथे गट घेऊन जाते, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना दर वेळी जे सांगावं लागतं ते इथे एकदा लिहून ठेवते आहे. तुम्ही दुसरीकडे जाणार असाल, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा आंबोलीला, तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या फेऱ्यांच्या जाहिरातीत हल्ली दोन शब्द असतात: माइंडफुलनेस आणि क्लायमेट. वाचणाऱ्याला वाटतं, अर्धा वेळ डोळे मिटून श्वास मोजायचा आणि उरलेला अर्धा वेळ पृथ्वी तापतेय हे ऐकायचं. माझ्या मते ही दोन कामं नाहीतच. समोर जे आहे ते नीट पाहता आलं, तरच ते बदललंय का हे कधीतरी कळणार. शिकायचं एवढंच आहे, आणि ते पहिल्या फेरीत फारसं जमत नाही.

आधी: कोणाबरोबर जायचं

आयोजकाला फोन करा आणि सरळ प्रश्न विचारा. गटात किती माणसं? पंधराच्या वर आकडा गेला की शेवटच्या माणसाला पुढच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि पुढच्याला पक्षी दिसत नाहीत. गावातला वाटाड्या बरोबर असतो का, आणि त्याला किती पैसे देता? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण उत्तरावरून आयोजकाची पारख होते. अभयारण्यात शिरायची परवानगी आणि शुल्क कोण पाहतं? प्रथमोपचार येणारं कोणी आहे का? पाऊस फार झाला तर फेरी रद्द करता का, आणि पैसे परत मिळतात का? पैसे परत न देणारा आयोजक रेड अलर्टमध्येही गाडी काढतो, असा माझा अनुभव आहे.

पोस्टरवर 'अनलिमिटेड मिसळ' आणि 'कॅम्पफायर विथ म्युझिक' असेल, तर ती सहल आहे. सहलीला जरूर जा, पण ही फेरी ती नव्हे.

मुंबईकरांसाठी सोपी सुरुवात म्हणजे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे मार्गदर्शकासह फेऱ्या होतात. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर या कामातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक. शहराच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे, लोकलनं जाता येतं. पहिल्याच वेळी घाटमाथा गाठायलाच हवा असं काही नाही.

कधी

नवख्यांनी जुलै-ऑगस्ट टाळावा. धुकं, जळवा, निसरडे दगड यांत सगळं लक्ष पायाखाली जातं, आणि दरडींचा धोका असतो तो वेगळाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायला सुखाचा काळ. सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची उघड्या कातळाची पठारं, फुललेले पाहायचे असतील तर सप्टेंबर.

माझ्या आवडीचा काळ मात्र मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, जेव्हा शहाणी माणसं घरात पंख्याखाली बसतात. उन्हं चटका देतात, पण करवंदं-जांभळं असतात, पावशा ओरडत असतो, अंगणात हिरडा वाळत असतो आणि सगळं गाव आभाळाकडे पाहत असतं. त्या वाट पाहण्यातच हवामानाबद्दल सगळ्यात जास्त कळतं. याच दिवसांत काजवेही असतात. पण काजव्यांच्या झाडाखाली मोबाइलचा टॉर्च लावणारा एक माणूस तिथल्या सगळ्या काजव्यांचा रात्रीचा संवाद मोडतो. त्यांचं लुकलुकणं जोडीदाराला बोलावण्यासाठी असतं, आपल्याला दाखवण्यासाठी नव्हे. म्हणून काजव्यांची गर्दी होते त्या जागा मी टाळते.

पिशवीत काय

दोन लिटर पाणी. घरचा डबा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट, मातकट किंवा हिरव्या रंगाची. घोट्याच्या वर येणारे मोजे, पँट त्यांत खोचायची, म्हणजे गोचीड आत शिरत नाही आणि खाजकुयलीचे केस पायाला लागत नाहीत. बूट जुने, पकड असलेले. नवे बूट जंगलात पहिल्यांदा घालणाऱ्याचं लक्ष दिवसभर फोडांकडे असतं.

अत्तर, डिओ, केसांचं वासाचं तेल यांतलं काही लावू नका. सह्याद्रीत आग्या मोहोळं असतात, आणि उग्र वास नि धूर या दोन्हींनी माश्या बिथरतात.

आता नेहमीच्या यादीत नसतात अशा तीन वस्तू. एक छोटी वही आणि पेन्सिल. पेनची शाई पाण्यानं फुटते, पेन्सिलीची नोंद टिकते. एक दहापट भिंग, सोनार वापरतात तसलं. शेवाळ्याचा तुकडा त्यातून पाहिला की दहा मिनिटं माणूस तिथेच बसतो. आणि भिंतीवर टांगायचा साधा तापमापक. तो कशाला, ते पुढे सांगते.

आदल्या दिवशी

हवामान खात्याचा इशारा पाहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घरी राहा. घाटमाथ्यावर जायचं असेल तर मी नारिंगीलाही फेरी रद्द करते. मे आणि ऑक्टोबरात विजांचा त्रास जास्त. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेनं तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप फोनवर घेऊन ठेवा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदी घालतं, तेही तपासा. घाटमाथ्यावर फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू हे घरी लिहून ठेवा.

आणि जायचं कसं, ते ठरवा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुण्याहून जाऊन-येऊन २५० किलोमीटरच्या आसपास धरा, गाडी लिटरला १५ देते असं समजा, तर एका गाडीमागे ३८ किलो. बारा जण सहा गाड्यांतून हवामानबदल समजून घ्यायला निघाले की हिशोब सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो. एकच मोठी गाडी करा, किंवा एसटीनं या. एसटीत घोडेगावच्या बाजाराला जाऊन परतणारी माणसं भेटतात आणि फेरी तिथूनच सुरू होते.

पहिला अर्धा तास

गाडीतून उतरल्यावर सगळे बोलत असतात. बोलू देते. चहा होऊ देते. मग देवराईच्या तोंडाशी थांबून सांगते: आता अर्धा तास कोणी बोलायचं नाही, फोन पिशवीत, आणि पुढच्या माणसापासून दहा पावलं अंतर.

पहिली पाच मिनिटं विचित्र जातात. स्वतःच्या बुटांचा आवाज फार मोठा वाटतो. मग पावलं आपोआप हलकी होतात, कारण पाचोळ्याचा आवाज नकोसा होतो. हळू कसं चालायचं ते मला शिकवावं लागत नाही, पाचोळाच शिकवतो.

आत गेल्यावर प्रत्येकानं एक जागा निवडायची आणि वीस मिनिटं बसायचं. बसण्याआधी दगडामागे, मुळांच्या खाचेत काठीनं चाचपून पाहायचं. वहीच्या पानाच्या मध्यभागी एक ठिपका काढा, तो तुम्ही. जो आवाज येईल तो ज्या दिशेनं आला, त्या दिशेला खूण करा. जवळचा जवळ, लांबचा लांब. नावं येत नसतील तर 'कुटुर-कुटुर', 'शीळ', 'पानांची सळसळ', 'विमान' असं लिहा. कुटुर-कुटुर करणारा कुटुर्गा असतो. कोणीतरी अर्धवट आठवलेलं गाणं शिट्टीवर वाजवतंय असं वाटलं, तर तो मलबारी कस्तूर. पावसाच्या तोंडाशी तो फार रंगात येतो. वरून फांद्या हलल्या आणि खडखडीत ओरडा आला तर मान वर करा, शेकरू असेल. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं त्यामागे त्याचं मोठं निमित्त होतं.

मन भरकटणार. ऑफिसातला मेल आठवेल, दुखरा गुडघा आठवेल. आठवू द्या, आणि पुढच्या आवाजाची खूण करा. इतकंच. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवस मौन करून आलेले एक गृहस्थ माझ्या गटात डोळे मिटून, पाठ ताठ करून बसले होते. छान बसले होते, पण समोरच्या फांदीवरून हरियाल उडून गेला तो त्यांना दिसला नाही. इथे डोळे उघडे ठेवायचे. जपानमध्ये १९८२ साली तिथल्या वनखात्यानं 'शिनरिन-योकु' म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला, तेव्हापासून जंगलात बसण्याला जगभर नाव आणि फी दोन्ही मिळाली. गुरं राखणाऱ्या पोरांना हे आधीपासून फुकट येत होतं.

वीस मिनिटांनंतर पानं एकमेकांना दाखवा. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची पानं कधीच सारखी नसतात.

हवामान वाचायचं कुठे

सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये मी आलेखांची छापील पानं घेऊन जायची. झाडाखाली उभं राहून पाऊण तास बोलायचे. लोक माना डोलवायचे आणि मुंग्या झटकायचे. मग एका मे महिन्यात, अंगणात हिरडा वाळत घातलेल्या एका बाबांना मी तापमानवाढीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तापमानाचं तुमी सांगा ताई. आमचा हिरडा यंदा दोनदा भिजला." त्या दिवसानंतर आलेख घरी राहिले.

हिरड्यापासूनच सुरुवात करा. त्रिफळ्यातला हिरडा, त्याची कोवळी फळं म्हणजे बाळहिरडा. या भागातली कुटुंबं उन्हाळ्यात ती गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. भाताखेरीज हातात रोख पैसा येतो तो यातून. वाळवणाला सलग कोरडं ऊन लागतं. मेमध्ये अवकाळी सरी आल्या की फळ काळं पडतं आणि भाव उतरतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून इकडे आलं. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी भागात हिरड्याचं अतोनात नुकसान झालं, आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. हिरड्याच्या झाडाखाली उभं राहून हे ऐकलं की चक्रीवादळांना बळ देणारं 'अरबी समुद्राचं तापमान' हे शब्द कोरडे राहत नाहीत.

नंतर तापमापक काढा. दुपारी बाराच्या सुमाराला उघड्या सड्यावर, सावली करून, पाच मिनिटं धरा आणि आकडा लिहा. मग देवराईच्या आत, त्याच उंचीवर, पुन्हा पाच मिनिटं. उन्हाळ्यात फरक इतका येतो की लोक तापमापक बिघडला समजतात. मी आकडा सांगत नाही. स्वतः मोजलेला लक्षात राहतो. पाचोळ्याखाली बोट घाला, मेमध्येही ओल लागेल. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा, इकडे वाहणारी घोड, या नद्या उन्हाळ्यात कशावर तग धरतात ते त्या ओलीत कळतं.

एखाद्या जुन्या झाडाच्या खोडाशी थांबा. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली, तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता. आज ४२० च्या वर आहे. देवराईतली बरीच झाडं ते मोजमाप सुरू झालं तेव्हाही उभी होती. त्यांच्या गाभ्यातलं लाकूड ३१५ पेक्षाही कमीच्या हवेतून बनलेलं आहे, बाहेरचं ४०० च्या वरच्या. खोडावर हात ठेवून हा आकडा सांगितला की लोक हात लगेच काढत नाहीत, एवढं मी पाहिलंय.

खोडावर करड्या-हिरवट झालरी दिसतील. भिंगातून पाहा. हे दगडफूल, गोड्या मसाल्यात जातं तेच. शैवाल आणि बुरशी यांचा हा एकत्र संसार. मूळ नाही, त्यामुळे जे काही घ्यायचं ते हवेतून. म्हणून हवा बिघडली, विशेषतः गंधकाचा धूर वाढला, की ते लवकर नाहीसं होतं. घरी परतल्यावर तुमच्या रस्त्यावरच्या झाडांवर ते शोधा. इथे एक फरक ध्यानात घ्या: दगडफूल हवेचं प्रदूषण सांगतं, हवामानबदल नव्हे. कोळसा जाळला की दोन्ही होतं, पण गोष्टी दोन आहेत, आणि गटात कोणीतरी त्यांची गल्लत करतंच.

शेवटी कडा. काठापासून चार पावलं मागे, बसूनच पाहायचं. काळ्या दगडाचे थर दिसतात, एकावर एक, पायऱ्यांसारखे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. इथे हमखास एकजण म्हणतो, "हवामान तर आधीपासूनच बदलत आलंय, मग आता काय एवढं?" प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर याच दगडात आहे. हा लाव्हा ओतला जात होता तेव्हा त्यातून निघालेल्या वायूंनी हवामान खरोखरच ढवळलं होतं. पण ते उद्रेक लाखो वर्षं चालले. आपण कोळसा आणि तेल जाळायला लागून दोन-अडीचशे वर्षं झाली. फरक वेगाचा आहे.

पावसाबद्दल बोलायलाही कड्यासारखी जागा नाही. समुद्रावरून आलेले ढग इथेच अडतात आणि वर चढताना रिकामे होतात. हवामान खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईत आगमनाची तारीख १० ची ११ जून झाली, परतीची मात्र २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर. आगमनात एका दिवसाचा फरक, परतीत नऊ दिवसांचा. कापणीला आलेल्या भाताच्या दृष्टीनं ऑक्टोबरातला हा पाऊस कसा, ते गावात विचारा. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ रोजी २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

याच आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. त्याला एकट्या हवामानबदलाच्या खात्यात टाकू नका. पाऊस होता, उतार होता, उतारावर माणसानं केलेली कामं होती, आणि या तिन्हींचा हिशोब अजून वाद घालून मांडला जातो. तिकडून जाणार असाल तर फोटोसाठी गाडी थांबवू नका.

आणि हेही सांगून ठेवते: आज फार उकडलं म्हणजे हवामानबदल नव्हे, आणि आज थंडी पडली म्हणजे तो थापही नव्हे. एका फेरीत तुम्हाला फक्त त्या दिवसाची हवा दिसते. वर्षानुवर्षांचं हवामान दिसायला वही लागते, तिचं पुढे बोलू.

गावात

देवराई ही गावाची आहे, वनखात्याची किंवा तुमच्या गटाची असल्यासारखं वागू नका. जिथे चपला काढायला सांगतील तिथे काढायच्या. वाळकी काटकी, गारंबीची शेंग, पीस, काहीही उचलून खिशात घालायचं नाही. गारंबीची हातभर लांबीची शेंग पाहून प्रत्येकाला ती घरी दिवाणखान्यात दिसायला लागते. ती तिथेच राहू द्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा त्यांत आजूबाजूला उरली नाहीत अशी झाडं सापडली. ती टिकली कारण इथल्या लोकांनी हे नियम पाळले, विज्ञानाचा शब्दही न वापरता.

जेवण गावात सांगा, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. जेवताना प्रश्नावली काढू नका. "हवामानबदलाचा तुमच्यावर काय परिणाम झाला?" या प्रश्नाला माणसं तुम्हाला हवं ते उत्तर देतात. त्याऐवजी "यंदा भात कधी लावला?", "विहिरीला पाणी कधीपर्यंत होतं?", "मृगाचा किडा दिसला का?" असं विचारा. तो मखमली लाल किडा पहिल्या पावसानंतर जमिनीवर फिरताना दिसतो, आणि त्यावरून गप्पा सुरू झाल्या की आवरत नाहीत. आजींना आजी म्हणा, बाबांना बाबा. "अंकल" म्हटलं की समोरचा माणूस पाहुण्यासारखा वागायला लागतो.

उत्साहातल्या चुका

पावसाळ्याच्या तोंडाशी सीडबॉल, म्हणजे रानात फेकायचे बिया घातलेले मातीचे गोळे, घेऊन येणारे गट असतात. हेतू चांगला, पण सड्यावर झाडं नाहीत म्हणजे तो ओसाड आहे असं नाही. जांभ्या किंवा काळ्या कातळावरच्या बोटभर मातीत कवळा, सीतेची आसवं, गेंद अशी इवली रोपं पावसाळ्याच्या काही महिन्यांत आपला संसार उरकतात; त्यांतली काही पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाहीत. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसायादीत गेलं ते अशा झाडं नसलेल्या कातळासाठीच. तिथे गुलमोहराच्या बिया फेकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात भिंत बांधणं. काहीतरी करायचंच असेल, तर रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून येऊन पसरलेली झुडपं कशी ओळखायची ते शिका, आणि उपटायची का ते गाव आणि वनखातं यांना विचारून ठरवा.

पक्ष्याला बोलावण्यासाठी फोनवर त्याचा आवाज वाजवू नका. उन्हाळ्यात विडी-सिगारेट नको, चूल नको. फेब्रुवारीनंतर एका ठिणगीत सगळा डोंगर जातो.

धोक्यांबद्दल थोडक्यात. फुरसं पाचोळ्यात आणि दगडाखाली असतं, चापडा फांदीवर. म्हणून न पाहता हात कुठेही टेकू नका. साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं यांत वेळ घालवू नका. हालचाल कमीत कमी ठेवून थेट दवाखाना, १०८ ला फोन. मोहोळ उठलं तर हात न झटकता, तोंड झाकून, लांब पळा. गडगडाट ऐकू आला की सडा सोडायचा. कोणी वाट चुकलं तर ११२, आणि वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

घरी आल्यावर

पहिली फेरी संपल्यावर लोक विचारतात, पुढची फेरी कुठे? माझं उत्तर असतं, हीच. मेमध्ये आलात तर सप्टेंबरात या, मग जानेवारीत. त्याच दगडावर बसा, पानाच्या मध्यभागी तोच ठिपका काढा, तापमापक त्याच दोन जागी धरा.

मधल्या दिवसांसाठी घराजवळचं एक झाड धरा. बहावा असेल तर उत्तम. पुण्या-मुंबईत रस्तोरस्ती आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन मिनिटं खाली उभं राहून लिहा: कोवळी पानं आहेत का, कळ्या, फुलं, शेंगा, आणि किती, काहीच नाही, थोडं की भरपूर. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं आपल्याकडे म्हणतात. खरं की खोटं यावर वाद घालण्यापेक्षा दरवर्षी पहिलं फूल आणि पहिला पाऊस या दोन तारखा लिहा. केरळात याच झाडाचं फूल एप्रिलच्या मध्यात विषूच्या पूजेला लागतं, आणि तिथे ते सणाच्या बरंच आधी फुलून जातं याची चर्चा लोकांनी ठेवलेल्या नोंदींवरून झाली. 'सीझनवॉच' हा उपक्रम भारतभरच्या अशाच नोंदी जमा करतो, शाळेतली मुलंही त्यात असतात. तुमचं झाड तिथे नोंदवता येतं. पक्ष्यांसाठी 'ई-बर्ड' आहे. एकट्याची तीन वर्षांची वही फारसं सिद्ध करत नाही. हजार वह्या एकत्र आल्या की संशोधकांना काहीतरी दिसायला लागतं.

वहीत दर पानावर तारीख, वेळ, जागा आणि आभाळ कसं होतं, या चार गोष्टी आधी लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतात. आणि पुढच्या फेरीला येताना तीच वही आणा. कोरी, छान, नवी वही घेऊन येणारे पुष्कळ असतात, त्यांच्याकडे मागचं पान नसतं. फोटो काढलेत, फोनमध्ये आहेत, असं सांगणारेही असतात. ते झाडाखाली उभे राहून वीस मिनिटं स्क्रोल करत असतात.